शिवाजी पार्क, मुक्काम लातूर

१४ जानेवारी १९८३, शुक्रवार

आज टॉकीजमधून जवळजवळ हाकलून दिलं मला! गुन्हा काय, तर खरं बोलले. हिरोइन मलबार हिलच्या बंगल्यातून रडत बाहेर पडली, कोपऱ्यावर वळली आणि थेट जुहूच्या वाळूत! मी म्हटलं, "हे कसं शक्य आहे? मधे आख्खी मुंबई आहे!" एवढंच. जरा मोठ्याने म्हटलं असेन. पुढच्या रांगेतला फेटेवाला वळून म्हणाला, "ओ बाई, ती रडून राहिली अन् तुमाला नकाशाची पडली का?" सगळं थिएटर हसलं.

मार्तंड शेजारी बसून दुसऱ्याच कुणाचा तरी नवरा असल्यासारखा पडद्याकडे बघत होता. नवरे ऐन वेळी असेच होतात.

घरमालकीण मल्लम्मा मात्र माझ्या बाजूने. येताना रस्त्यात तिने विचारलं, "इंदूबाई, मंग खरं किती लांब हाय ते?" म्हटलं, बसने तासाच्या वर. ती थांबलीच. "अय्यो शिवा! तेवढं रडत गेली? म्हनून तर पोरगी वाळली!"

२३ जानेवारी, रविवार

टँकर आला नाही. उद्या येईल. "उद्या" हा इथला आठवा वार आहे.

दोन वर्षं, असं कबूल करून मार्तंडने मला इथे आणलं. मंत्रालयातून बढतीवर. "नवा जिल्हा आहे इंदू, सगळं नवं असेल!" नवं काय, तर पाट्या. "जिल्हा उस्मानाबाद" खोडून वर "जिल्हा लातूर" रंगवलंय, पण रंग इतका पातळ की ऊन चढलं की खालून उस्मानाबाद वर येतं. कचेरीत अजून खुर्च्यांपेक्षा साहेब जास्त. मार्तंड दोन दिवस खोक्यावर बसून फायली बघत होता. तरी खूश! मूळचा इकडच्याच नायगावचा ना. मुंबईत असताना माझ्या आईपुढे कसा छान नाकात बोलायचा. लातूरची हवा लागली आणि स्वारी "मी येऊन राहिलो, तू काय करून राहिलीस" वर आली. परवा मी त्याला म्हटलं, जरा जेवून राहा. त्याला टोमणाही कळला नाही.

पाण्याचं मल्लम्माकडून शिकले. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं अंगणातल्या बेलाला. एक तांब्या मात्र वेगळा. टँकर येवो न येवो, पहाटेचा पहिला तांब्या देवाचा, तिच्या गळ्यातल्या लिंगाच्या पूजेचा. त्याला तिचे मालक गुरुपादप्पासुद्धा हात लावत नाहीत. ते गंजात, म्हणजे इथल्या बाजारपेठेत, डाळीची आडत करतात, दुपारी घामाघूम होऊन येतात, त्या तांब्याकडे बघतात आणि पुढे जातात.

आम्ही सामान घेऊन आलो त्या दिवशीची गोष्ट. खोलीचं भाडं नाही, नाव नाही, गाव नाही, मल्लम्मा आधी तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन दारात उभी. मी आपली दादरची शहाणी! म्हटलं, "नको, आमच्याकडे वॉटरबॅग आहे." मार्तंडने माझ्या पायावर पाय दिला. मल्लम्माचा चेहरा असा झाला की मी तिच्या घराला आग लावलीय. मग प्याले मुकाट्याने. इथे गूळपाणी न घेता कुणी पुढे सरकत नाही, हे मला नंतर कळलं. आलेला माणूस वाळल्या तोंडाने गेला तर घराचं काही खरं नाही म्हणे.

४ फेब्रुवारी, शुक्रवार

हँगिंग गार्डन! बुटाचं घर! त्यामागे झाड — हिरो जिथे उभा होता तिथे कॉलेजात असताना माझी छत्री राहिली होती!! मल्लम्माने मागच्या बाईला सांगितलं, "आमच्या किरायदारीनबाईची छत्री हाय तितं." मागच्या बाईने पुढे. मध्यंतरात एक म्हातारा मला विचारायला आला — छत्री घावली का?

२० फेब्रुवारी, रविवार

मल्लम्मा मला गल्लीभर मिरवते. "पिक्चरमदी कोन्तंबी गाव दाखवू द्या, इंदूबाई सांगते." काल कमलम्मा, म्हणजे तिची जाऊ, मुद्दाम परीक्षा घ्यायला टॉकीजला आली. पिक्चरमधला बर्फाचा डोंगर दाखवून म्हणाली, हे दादरला कुठं आलं? मी नाही म्हटल्यावर तिला खूप आनंद झाला.

मार्तंड विचारतो, गोष्ट काय होती? मला कुठे आठवते! कुणी कुणाचा भाऊ निघाला, कुणी आंधळं झालं, माझं लक्ष मागच्या बसच्या नंबराकडे. शुक्रवार आला की पाय वळतात. गावाची आठवण येते, असं मी त्याला सांगते.

खरं निम्मंच सांगते. वहीत तरी पूर्ण लिहावं.

सप्टेंबरात आम्ही निघालो तेव्हा बाबा स्टँडवर आले होते. "लातूर म्हणजे उस्मानाबादच्या वर की खाली?" हे चौथ्यांदा विचारलं. मी म्हटलं, येऊन बघा. तर म्हणाले, "तुमच्याकडे पाण्याचे हाल. त्यात आणखी एक तोंड कशाला? पाणी आलं की कळव. येतो." गाडी हलली तशी पाठ फिरवून चालायला लागले. काळी छत्री नेहमीसारखी मागून कॉलरला अडकवलेली. बाबांना निरोप घेता यायचा नाही, ते पाठच फिरवायचे.

पाणी आलं नाही. दिवाळीच्या आधी बाबा गेले. दादाने तार केली ती उस्मानाबादच्या कचेरीवर. त्याच्या डोक्यात जिल्हा म्हणजे उस्मानाबाद, मग मार्तंडची कचेरी तिथेच असणार! नव्या जिल्ह्याचं पेपरात येऊन गेलं होतं, पण दादा पेपरातलं क्रिकेट वाचतो. तिथून कुणीतरी शिपायाबरोबर निरोप धाडला. मी पोचले तोवर सगळं आटपलं होतं. कोपऱ्यात पणती, पाटावर फोटो. फोटोही कुठला, तर नोकरीच्या ओळखपत्रावरचा. त्यात बाबा गुन्हेगारासारखे दिसतात.

माझं शेवटचं बघणं राहिलं. सगळे म्हणतात, जाऊ दे. कसं जाऊ देऊ?

११ मार्च, शुक्रवार

बाबा दिसले!!

अक्षर बघवत नाही. तरी लिहिते.

जुळ्या भावांचा सिनेमा. एक पोलीस, एक चोर, नेहमीचंच. मध्यंतरानंतर चोर मोटारसायकलवरून पळतो. रस्ता बघितला आणि मी सावरून बसले — शिवाजी पार्क! कट्टा, नारळ, सगळं! सवयीने मल्लम्माला म्हटलं, "हे आमचं." आणि कट्ट्यावरून एक माणूस उठला. पांढरा सदरा. मागून कॉलरला काळी छत्री. मोटारसायकलकडे वैतागून बघितलं, पाठ फिरवली, चालायला लागला. पुढच्या क्षणाला चोर गेट वे ऑफ इंडियाला पोचला (!!) पण आज मी त्यावर काही बोलले नाही. मी उभी राहून ओरडले होते — "बाबा!"

मागून एकजण म्हणाला, "बसा की ताई! बाबा कुठं, तुमीच दिसून राहिल्या!"

मल्लम्माने पदर ओढून बसवलं आणि विचारलं, "ही कोन्ती बाग म्हनलात?" म्हटलं, बाग नव्हे मल्लम्मा, माझे वडील. आत्ता गेले ना, ते माझे वडील. ती पुढचा सगळा सिनेमा माझा हात धरून बसली. चोर मेला, पोलीस मेला, आई देवळात मेली, मल्लम्मा एरवी एवढ्यात दोन पदर भिजवते. आज तिने पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही.

१२ मार्च, शनिवार

दुपारचा खेळ. परत संध्याकाळचा.

आहेतच. तेच आहेत.

१३ मार्च, रविवार

मार्तंडला घेऊन गेले. तो क्षण जवळ आला तसं कोपराने ढोसलं, म्हटलं आता... आता... हे बघ!

बाहेर आल्यावर विचारलं. म्हणाला, "हाव. वाटून राहिलं तसं."

"वाटून राहिलं म्हणजे? आहेत की नाहीत?"

"इंदू, छत्रीची पद्धत तर त्यांचीच. पण दादरला निम्मे म्हातारे—"

मी फक्त बघितलं. "आहेत, आहेत!" म्हणाला. घरी येईपर्यंत रस्त्यातल्या प्रत्येक दुकानाची पाटी वाचत आला. जेवताना आमटी अळणी होती, तेही बोलला नाही.

१५ मार्च, मंगळवार

गल्ली लोटली! मल्लम्माने सगळ्यांना सांगितलंय. टॉकीजचे मॅनेजर रामकिशन भला माणूस. म्हणाले, "ताई, रोज तिकीट कशाला काढता? मध्यंतर झालं की या. बापापुरतं बसा, अन् जावा." मी रांगेने सात-आठ बायका घेऊन आत गेले. तरी एकीलाही धड दिसले नाहीत! येईयेईपर्यंत बाबा उठतात, बायकांचं "कुठं, कुठं" होईपर्यंत गेट वे येतं. केवळाबाई म्हणाली, बघितले, शेंगा विकून राहिले होते. म्हटलं तो भय्या. कमलम्माने तर कमाल केली. बाहेर येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "काम चांगलं करतेत हो तुमचे वडील. पर लोकाच्या पोरीला पळवायचं काम कशाला घेतलं या वयात?" ती व्हिलनला बाबा समजून बसली होती! मी हसले. रस्त्यात उभी राहून, पोटात दुखेपर्यंत हसले. दिवाळीपासून पहिल्यांदा.

जाताना रामकिशनना विचारलं, तेवढंच जरा सावकाश दाखवता येईल का? ते म्हणाले, "मशीन हळू केलं की फिल्लम जळती, ताई. तुमचा बापच जळंल की." आणि जीभ चावली त्यांनी. एकदा जळले तेव्हाही मी नव्हते, हे त्यांना काय सांगू? घरी येऊन मात्र रडू आवरेना.

१७ मार्च, गुरुवार

शेवटचा दिवस. उद्या सिनेमाची पेटी पुढच्या गावाला जाणार. आज जे झालं ते शक्य तितकं नीट लिहिते.

टँकरचा पत्ता नव्हता, लागोपाठ दुसरी खेप बुडाली. माझ्याकडे पिण्यापुरता एक हंडा, मल्लम्माकडे त्याहून कमी. दुपारी तिला हाक मारली तर म्हणाली, तुमी व्हा पुढं, म्या आले. मी जाऊन बसले. मध्यंतर संपलं, दिवे गेले, तरी हिचा पत्ता नाही. आणि मोटारसायकलचा आवाज सुरू व्हायच्या जरा आधी, मधल्या वाटेने, पदर डोक्यावर घेऊन, हातात तांब्या धरून मल्लम्मा चालत आली! तांब्यावर वाटी, वाटीत गुळाचा खडा. थेट पडद्यापाशी गेली. पुढे लाकडी ओटा आहे. त्यावर तांब्या ठेवला, वाटी ठेवली, बाजूला उभी राहिली. घरात पाहुणा हात-पाय धुऊन येईपर्यंत उभी राहते तशी.

झाला गोंधळ! "ओ आजी! बाजूला व्हा!" "देऊळ समजली का?" शिट्ट्या काय, शेंगांची टरफलं काय! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मल्लम्मा वळली. पडद्याचा उजेड तिच्या पाठीमागे.

"गप बसा रं! लेकीच्या गावाला बाप पैल्यांदा आलाय. वाळल्या तोंडानं लावून देता का? तुमच्या गावची हीच रीत हाय?"

एकदम चिडीचूप. मोटारसायकल आली. बाबा कट्ट्यावरून उठले. मल्लम्माच्या पदराच्या जरा वर, तिच्या अगदी जवळ. आज मी ओरडले नाही. त्यांनी वैतागून बघितलं, पाठ फिरवली आणि चालायला लागले. पुढून कुणीतरी म्हणालं, "रामराम, पाव्हनं." आणखी एकदोघे म्हणाले. टिंगलीने नाही. मला स्वच्छ कळलं, टिंगलीने नव्हतं ते.

बाहेर आल्यावर मल्लम्माने तांब्या माघारी नेला नाही. पाहुण्याचं पाणी परत घरात घेत नाहीत म्हणे. टॉकीजच्या फाटकाशी कडुलिंब आहे, त्याच्या बुंध्याशी हळूहळू ओतला. गूळ माझ्या हातावर ठेवला. तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं — तांब्या देवाचा होता. पहाटेचा.

म्हटलं, "मल्लम्मा, हे पूजेचं पाणी!"

"मंग? घरात दुसरं होतं कुठं?"

"आणि पूजा?"

"देव काय, घरचाच हाय. पाव्हना रोज येतो का? चल लेकी, ऊन लई झालं."

आजपासून मी इंदूबाई नाही. मी तिची कोण झाले ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

१८ मार्च, शुक्रवार

नवा सिनेमा लागला. गेले नाही. टॉकीजच्या दारावरून येताना पाहिलं, लिंबाच्या बुंध्याशी माती वाळून पांढरी झालीय.

टँकर आला! मल्लम्माच्या दारात पहिला हंडा मी भरून ठेवला. तिने तो ओतून परत स्वतः भरला. देवाचं पाणी दुसऱ्याने भरलेलं चालत नाही. माझी मेली ऐट!

३ एप्रिल, रविवार

रामकिशनकडून कळलं, पेटी शिरूर अनंतपाळच्या तंबूत आहे. मार्तंडला न सांगता, मी आणि मल्लम्मा एसटीने. मोटारसायकल सुरू झाली, कट्टा आला, मी श्वास धरला, आणि वीज गेली! आली तेव्हा चोर गेट वेला. तंबूवाला म्हणाला, गेलेलं परत दाखवत नाहीत. मल्लम्मा त्याच्याशी शेवटच्या एसटीपर्यंत भांडली. मला वाटतं तिला मजा आली.

१५ एप्रिल, शुक्रवार

आईचं कार्ड. मी लिहिलं होतं तिला सगळं. ती येतेय! "मलाही बघायचं आहे," एवढंच लिहिलंय. बाकी कार्डभर लोणच्याच्या बरणीबद्दल.

मार्तंडच्या भावाला, रेणुकादास भाऊजींना नायगावला पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलंय. जत्रेत सिनेमाचा तंबू लागलाय, महिनाअखेरीला तोच सिनेमा आहे. मार्तंडला सांगितलं. म्हणाला, "आईंना कशाला तरास? इतक्या लांब?" त्याच्या आवाजात काहीतरी होतं. विचारलं तर म्हणाला, उन्हाचं म्हणून राहिलो.

२४ एप्रिल, रविवार

आई आली. वाळलीय. पण तोंड तसंच चालू. स्टँडपासून घरापर्यंत "काय ही धूळ, काय ही धूळ."

दारात मल्लम्मा उभी. तांब्या, गूळ. मी आईच्या पायावर पाय द्यायच्या तयारीत होते, पण आईने मुकाट्याने घेतला, प्यायली, गूळ तोंडात टाकला. मल्लम्माचा चेहरा फुलला. आणि मग तिने माझ्या आधीच सांगून टाकलं, "तुमच्या मालकालाबी पाजलं बगा म्या. काळजी करू नका. आमच्या गावातून वाळल्या तोंडानं न्हाई गेले ते."

आईने माझ्याकडे बघितलं. मग मल्लम्माकडे. मग पदराने तोंड पुसलं आणि आत गेली.

रात्री अंथरुणावर विचारलं, "कुठलं पाणी गं?" सांगितलं तिला. ती कुशीवर वळली.

३० एप्रिल, शनिवार — नायगाव

भाऊजींचं घर, आमरस, पाहुण्यांचा गोतावळा. संध्याकाळी तंबूत गेलो तर पुढे बसायला जागा नाही. आम्हाला पडद्यामागे बसवलं. मागून सगळं उलटं दिसतं! शिवाजी पार्क उलटं, कट्टा उलटा, समुद्र दादर स्टेशनच्या बाजूला! मी आईला सांगत होते, हे इकडे नसून तिकडे आहे, ते तिकडे नसून— आई म्हणाली, "मला शिवाजी पार्क शिकवू नकोस."

बाबा उठले. आमच्याकडे तोंड करून उठल्यासारखे वाटले, मागून बघत होतो म्हणून असेल. पाठ फिरवली, गेले.

आईने चष्मा काढून पदराला पुसला. मी विचारलं, "आई? तेच ना?"

मार्तंड पुढे वाकून आमच्याकडे बघत होता.

"हो," आई म्हणाली. "तेच. चल, माझे पाय आखडलेत."

हुश्श! मार्तंडच्या नाकावर टिच्चून झालं! रात्रभर मी त्याला सुखाने झोपू दिलं नाही. निम्मे म्हातारे म्हणे!

२ मे, सोमवार

लातूरला परत. मल्लम्मा दारातच. "भेटले का?" आई म्हणाली, "भेटले." दोघी ओट्यावर बसल्या आणि तिन्हीसांजेपर्यंत उठल्या नाहीत. एकीचं नाकातलं मराठी, दुसरीचं निम्मं कानडी. कशा बोलत होत्या देव जाणे. मधेच मल्लम्मा मोठ्याने हसली. बाबांच्या घोरण्याचं सांगत असावी आई.

आई म्हणते, चल थोडे दिवस मुंबईला. म्हटलं, गुरुवारी टँकरचा आमच्या बाजूचा नंबर आहे, मी नसले तर कमलम्मा रांगेत पुढे घुसेल. आई बघतच राहिली माझ्याकडे. मीही जरा बघितलं माझ्याकडे.

९ मे, सोमवार

आई आज गेली. एसटी सुटता सुटता खिडकीतून माझा हात धरला. "इंदू, ते तुझे बाबा नव्हते गं. आख्खा जन्म ज्यांच्या मागून चालले, त्यांची पाठ मला कळू नये होय? पण त्या बाईने देवाच्या तोंडचं पाणी काढून दिलं. तिच्या गावात येऊन मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू?" गाडी हलली.

घरी येऊन मल्लम्माला सांगून टाकलं. म्हटलं, तुमचं पाणी फुकट गेलं. ती डाळ निवडत होती. मान वर केली नाही.

"फुकट कसं? कुनाचा तरी बाप आसंलच की त्यो."